चार कोटींवरचा तो एक पौंड

जुलै आला, युरोपातला फुटबॉल खेळाडूंचा बाजार तापला, की पावसात कुत्र्याच्या छत्र्या उगवाव्यात तसा तो मजकूर पुन्हा फिरायला लागतो. गोष्ट २०१३ची. लिव्हरपूल क्लबचा स्ट्रायकर लुईस सुआरेझ याच्यासाठी आर्सेनल क्लबने लावलेली ४,००,००,००१ पौंडांची बोली. मजकुराचं म्हणणं थोडक्यात असं: वरचा एक पौंड हा पोरखेळ होता, शिवाय लिव्हरपूलचा अपमानही, सुआरेझच्या करारात ठरावीक बोली आली की सोडायचं असं कलम, म्हणजे क्लॉज वगैरे काही नव्हताच, आर्सेनलचा प्रशिक्षक वेंगर कंजूष, सरळ ५ कोटी टाकले असते तर सुआरेझही मिळाला असता आणि इंग्लिश लीगही, आणि लिव्हरपूलने मात्र पैशाला लाथ मारून आपला माणूस राखला.

मी लिव्हरपूलवाला. हा मजकूर मला पाठवणारेही बहुतेक लिव्हरपूलवालेच. त्यामुळे हे लिहिणं म्हणजे घरच्या कार्यात पंगतीला बसून आमटी खारट झालीय म्हणण्यासारखं आहे. पण झालीय खारट, त्याला मी काय करू?

आधी तो एक पौंड. आपल्याकडे त्यावरचा पहिला विनोद ठरलेला आहे: पाकिटात शंभराचे एकशे एक करतो, तसा आर्सेनलने शकुनाचा रुपया घातला. मीही हसलोय यावर. पण आहेराच्या पाकिटातला वरचा रुपया काढला तरी लग्न लागतंच. इथला पौंड काढला तर त्या बोलीला काही अर्थच उरत नव्हता. सुआरेझने ऑगस्ट २०१२मध्ये लिव्हरपूलशी नवा करार केला होता. आर्सेनलच्या कानावर आलं होतं ते असं, की लिव्हरपूल चॅम्पियन्स लीगला, म्हणजे युरोपातल्या अव्वल क्लबांच्या स्पर्धेला, पात्र ठरलं नाही आणि ४ कोटींच्या वर बोली आली, तर त्या करारातला क्लॉज जागा होतो. लिव्हरपूल २०१२-१३मध्ये इंग्लिश लीगमध्ये सातवं आलं. म्हणजे पहिली अट पुरी झाली. दुसरी अट पुरी करायला ‘४ कोटींच्या वर’ जायचं होतं. किती वर? तर वर. उंबरठा ओलांडायला एक पाऊल पुरतं, त्यासाठी कोणी अंगणातून लांब उडी मारत येत नाही. त्याआधीची ३ कोटींच्या आसपासची बोली लिव्हरपूलने परत पाठवली होती. तिच्यात आणि या बोलीत फरक नुसता रकमेचा नव्हता. पहिली घासाघीस होती, दुसरी कुलपात किल्ली फिरवून बघणं होतं. वेंगरने पुढे स्वतःच सांगितलं की क्लॉजची बातमी त्यांना लिव्हरपूलच्या आतूनच मिळाली होती, आणि ती पुरती बरोबर नव्हती. आता मागे वळून पाहताना तो आकडा जरा हास्यास्पद दिसतो, हेही त्याने कबूल केलं. दिसतो, मान्य. पण त्या दिवशी हातात जी माहिती होती तिच्यावर तोच आकडा बरोबर होता.

अपमानाचं म्हणाल तर तो झाला असं ठरवलं आमच्या मालकाने. जॉन हेन्रीने ट्विटरवर विचारलं, एमिरेट्सवाले (एमिरेट्स हे आर्सेनलचं मैदान) तिकडे नेमकं ओढतायत तरी काय? आम्ही ते वाक्य त्या उन्हाळ्यात इतकं मिरवलं की क्लॉज राहिला बाजूला आणि सगळ्या चर्चेत फक्त धूर उरला.

तेव्हा आता क्लॉजकडे, कारण मजकुरातली सगळ्यात चुकीची ओळ हीच आहे. ‘क्लॉज नव्हताच.’

होता. त्याचा अर्थ काय यावर भांडण होतं. तो करार पाहिलेल्यांपैकी एक होते खेळाडूंच्या संघटनेचे, म्हणजे पीएफएचे, गॉर्डन टेलर. त्यांचं मत पडलं की हा ठरावीक रक्कम टाकली की खेळाडू सुटला असा रिलीज क्लॉज नाही. हा सद्भावनेचा क्लॉज आहे. ४ कोटींच्या वर बोली आली तर दोन्ही बाजूंनी टेबलावर बसून बोलायचं, एवढंच त्यात ठरलंय. म्हणजे लिव्हरपूलची बाजू बळकट करणारं जे मत होतं, त्या मतातही क्लॉज आहेच. सुआरेझने ऑगस्टमध्ये इंग्लिश वर्तमानपत्रांना मुलाखती देऊन सांगितलं की चॅम्पियन्स लीग मिळाली नाही तर जाऊ देऊ, असा शब्द आपल्याला दिला होता आणि तो लेखी आहे. त्यावर त्याला काय मिळालं? प्रशिक्षक ब्रेंडन रॉजर्सने त्याला बाकी संघापासून वेगळा, एकट्याने सराव करायला लावला.

आणि मग कळस. २०१४च्या सुरुवातीला बॉस्टनमध्ये क्रीडाक्षेत्रातल्या आकडेवारीवरच्या एका परिषदेत जॉन हेन्री स्वतःच बोलून गेले की सुआरेझचा ४ कोटींचा बायआउट क्लॉज होता, आर्सेनलने ४ कोटी एक पौंड देऊ केले. पुढे त्यांनी जे म्हटलं त्याचा आशय असा: फुटबॉलमध्ये करारांना फारशी किंमत नसते हे आम्ही शिकलोय, फर्नांडो टॉरेसला विकायचं नसताना ५ कोटींना विकावं लागलं, करार पाळले जातच नसतील तर आम्हीही ठरवलं, विकायचं नाही. टेलर एक म्हणतात, हेन्री दुसरं. कोणाचं खरं धरायचं ते धरा. ‘नव्हताच’ हे या दोघांपैकी कोणीच म्हणालेलं नाही. आपल्याच मालकाने माईकवर जे कबूल केलं, ते आपण वर्षानुवर्षं नाकारत बसलोय. राजापेक्षा राजनिष्ठ म्हणतात ते हेच.

इथे इंग्लंड आणि स्पेनमधला फरक समजून घेतला तर पुढचं सोपं जातं. स्पेनमध्ये १९८५च्या एका शाही हुकुमान्वये खेळाडूला ठरलेली रक्कम भरून करार मोडता येतो. म्हणून २०१७मध्ये नेमारचे २२ कोटी २० लाख युरो बार्सेलोनापुढे ठेवले गेले तेव्हा बार्सेलोनाची इच्छा कोणी विचारली नाही. इंग्लंडमध्ये असा कायदा नाही. तिथे क्लॉज म्हणजे दोघांमध्ये जे लिहिलं असेल तेवढंच. लिहिलेलं संदिग्ध असलं की लवाद, वकील, सुनावणी आली. खेळाडूंच्या खरेदी-विक्रीची मुदत, म्हणजे विंडो, २ सप्टेंबरला बंद होणार होती. अशा भांडणात जो नुसता बसून राहतो तो जिंकतो, कारण तारीख त्याच्या बाजूने चालत असते. भाडेकरू-मालक खटले पाहिलेल्या मुंबई-पुण्याच्या माणसाला हे वेगळं समजवायला नको.

‘५ कोटी टाकले असते तर मिळाला असता.’ कशावरून? ज्या मालकाने क्लॉज असूनही विकलं नाही, त्याने एक कोटी वाढले म्हणून विकलं असतं? हेन्रीने तेव्हाच जाहीर सांगितलं होतं की चॅम्पियन्स लीगच्या जागेसाठी जे आपल्याशी झगडतात त्यांनाच आपला स्ट्रायकर देणं हा वेडेपणा होईल. आर्सेनल चौथं होतं, आम्ही सातवे. चौथी जागा, म्हणजे तेव्हाची चॅम्पियन्स लीगची शेवटची जागा, हवी तर चौथ्या नंबरवाल्याला ३३ सामन्यांत २३ गोल मारणारा माणूस विकत नाहीत. हा पैशाचा प्रश्नच नव्हता, आणि न विकणं हे मला त्या सगळ्या प्रकरणात लिव्हरपूलने केलेलं सर्वात शहाणपणाचं काम वाटतं. आणि ५ कोटींची बोली ही आर्सेनलनेच ‘क्लॉजवर आमचा विश्वास नाही’ असं लिहून देण्यासारखी झाली असती.

कंजूष? तोपर्यंत आर्सेनलने एका खेळाडूवर २ कोटी पौंडही कधी मोजले नव्हते. तो क्लब ४ कोटी घेऊन दारात आला, आणि विंडो बंद व्हायच्या दिवशी मेसुत ओझिलसाठी रेआल माद्रिदला ४ कोटी २५ लाख देऊन मोकळा झाला. त्यांचं चुकलं ते दुसरीकडे. स्ट्रायकर हिग्वाइन हातचा नापोलीला गेला, सुआरेझ अडकला, आणि ओझिल हा स्ट्रायकर नव्हे. सगळं वर्ष जिरू या एकाच स्ट्रायकरच्या खांद्यावर गेलं. यावर टीका करा, खुशाल करा. पण तो दोष आखणीचा, पाकिटाचा नव्हे.

लीगचं गणित मात्र मला सरळ सोडवता येत नाही. २०१३-१४मध्ये मँचेस्टर सिटी ८६ गुण, आम्ही ८४, आर्सेनल ७९. सात गुणांचा फरक, आणि आर्सेनल त्या मोसमात बरेच दिवस पहिल्या नंबरवर होतं. सुआरेझने त्या वर्षी ३३ सामन्यांत ३१ गोल केले, तेही एकही पेनल्टी न मारता. तेव्हा ‘लीग मिळाली असती’ हे अगदीच हवेतलं नाही. पण मजकूर लिहिणारा एक गोष्ट सोयीस्कर विसरतो. एप्रिल २०१३मध्ये चेल्सीच्या इवानोविचला चावल्याबद्दल सुआरेझला मिळालेल्या दहा सामन्यांच्या बंदीतले सहा सामने शिल्लक होते, आणि बंदी क्लबला नसते, खेळाडूला असते. नवा क्लब मिळाला तरी सप्टेंबरच्या शेवटापर्यंत तो बाहेरच बसला असता. शिवाय आर्सेनलने त्या मोसमात सिटीकडून सहा, चेल्सीकडून सहा आणि अ‍ॅनफील्डवर, म्हणजे आमच्या मैदानावर, आमच्याकडून पाच गोल खाल्ले. पुढे कोणीही उभा केला असता तरी मागची ती भोकं त्याने बुजवली असती का? अ‍ॅनफील्डच्या त्या पाचांत, गंमत म्हणजे, सुआरेझचा एकही नव्हता.

राहिली निष्ठा. हा भाग लिहायला सर्वात कठीण, कारण तो उन्हाळा आम्हाला खरोखरच निष्ठेचा वाटला होता. आमचा कप्तान जेरार्डने सुआरेझला समजावलं, तो थांबला, डिसेंबरमध्ये नवा करार झाला, आणि मे महिन्यात आम्ही लीगच्या इतके जवळ गेलो की अजून त्या दिवसांचा विषय निघाला की मी पाणी प्यायला उठतो. पण त्या डिसेंबरच्या करारात काय होतं? पुन्हा क्लॉज, या वेळी मोठ्या रकमेचा आणि बिनचूक शब्दांतला. जुलै २०१४मध्ये तो बार्सेलोनाला गेला. ६.५ कोटी ते ७.५ कोटी पौंड असे आकडे छापून आले. पैशाला लाथ मारली नव्हती. एक वर्ष थांबून जास्त पैसे घेतले, आणि प्रतिस्पर्ध्याऐवजी परदेशी क्लबला विकलं. धंदा म्हणून उत्तम. मी मालक असतो तर हेच केलं असतं. फक्त याला निष्ठा म्हणू नका, आणि सुआरेझला तर मुळीच म्हणू नका. तो बिचारा आधीच्या वर्षीच लेखी घेऊन जायला निघाला होता.

आलेल्या पैशाचं आम्ही काय केलं? मारिओ बालोतेल्ली आणला. लीगमध्ये त्याने मोसमभरात एक गोल केला. एक. आम्ही सहावे आलो.

आम्हाला खरं तर त्या उन्हाळ्यात दुसराच माणूस हवा होता. बार्सेलोनाकडे सुआरेझच्या बदल्यात अ‍ॅलेक्सिस सांचेझ मिळतो का, हे आम्ही विचारून पाहिलं होतं. तो लिव्हरपूलला आला नाही, लंडनला गेला. आर्सेनलकडे. त्या सौद्यात वरचा एक पौंड होता का, हे मात्र तेव्हा कोणी विचारलं नाही.