वॉरंटी आहे, पण व्हील मिळेना
तिसऱ्यांदा बिघाडाचा तोच व्हिडिओ मागितलाय कंपनीच्या सपोर्टवाल्यांनी! गेमिंगचं स्टिअरिंग व्हील चालू केलं की दोन्ही बाजूंना पूर्ण फिरून मध्यावर येतं. माझं १५ अंश उजवीकडेच थांबतं. सरळ धरलं की गाडी डावीकडे ओढते. मोटरवरची एन्कोडरची (व्हील किती फिरलं ते मोजणाऱ्या सेन्सरची) इवलीशी चकती तडकली की हे असंच होतं. हे म्हणतात ड्रायव्हर, म्हणजे व्हीलचं सॉफ्टवेअर, पुन्हा टाका. त्यानं तडा सांधतो का? बिल दिलं, सिरियल नंबर दिला, तरी दर वेळी नवा माणूस, नवा तिकीट नंबर आणि पुन्हा ‘यूएसबी पोर्ट बदलून बघा’. वर मूळ खोका नाही म्हणून पिकअप नाही म्हणे! २ वर्षांच्या वॉरंटीतले ४ महिने या ईमेलांतच गेले. बास झालं. उद्या सकाळी १९१५ला, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, फोन लावतोय.