विंडोज १०चा सपोर्ट संपला म्हणून संगणक भंगारात काढू नका

१४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा सपोर्ट संपला, तेव्हापासून व्हॉट्सॲपवर एक मेसेज फिरतोय. ज्यावर विंडोज ११ चालत नाही तो संगणक निकामी. त्यावर विंडोजऐवजी लिनक्स ही फुकटची सिस्टीम टाकली तरी तो रखडतच चालणार. लिनक्सवर मराठी टाइप होत नाही. फुकटच्या सिस्टीमला सुरक्षा नसते. आणि जुनं मशीन वीज खातं. यातला शेवटचा दावा काही अंशी खरा आहे. बाकीच्यांवर विश्वास ठेवून लोक चांगली मशीन किलोच्या भावाने विकताहेत, ते बघवत नाही.

‘विंडोज ११ नाही, म्हणजे निकामी.’ विंडोज ११ टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप आणि साधारण २०१७ नंतरचा प्रोसेसर मागतं. ही मायक्रोसॉफ्टची अट आहे. प्रोसेसर थकला असा तिचा अर्थ नाही. २०१५चा आय-फाइव्ह आणि ८ जीबी रॅम असलेल्या लॅपटॉपवर लिनक्स मिंट हा लिनक्सचा नेहमीचा प्रकार आरामात चालतो. त्याच्यासाठी हलकी सिस्टीम शोधायचीही गरज नाही.

‘काहीही टाका, रखडतच चालणार.’ मामांकडे २००८चा कोअर टू ड्युओ होता, २ जीबी रॅमचा. सुरू व्हायला चार-पाच मिनिटं घ्यायचा. आधी डिस्कवरचं काही न पुसता पेनड्राइव्हवरून अँटीएक्स हे जुन्या मशीनसाठीचं हलकं लिनक्स चालवून पाहिलं. डेस्कटॉप आला तेव्हा जेमतेम २०० एमबी रॅम वापरात होती. मग जुनी हार्ड डिस्क काढून १२० जीबीची एसएसडी, म्हणजे फिरते भाग नसलेली डिस्क, बसवली. खरा फरक तिथे पडला. फिरत्या डिस्कला एका जागेवरून दुसऱ्या जागेवर पोचायला दहाएक मिलिसेकंद लागतात, एसएसडीला एकही नाही, आणि मशीन सुरू होताना अशा हजारो उड्या माराव्या लागतात. आता मामांचं मशीन मिनिटाच्या आत तयार असतं.

त्यानंतर एकही वेबसाइट उघडेना. ब्राउझर सारखा ‘कनेक्शन सुरक्षित नाही’ म्हणायचा. दोष लिनक्सचा वाटला, पण घड्याळात जुनंच साल दिसत होतं. मदरबोर्डवरचा सीआर२०३२ हा चपटा सेल संपला होता आणि तारीख चुकल्यामुळे साइटची प्रमाणपत्रं अवैध ठरत होती. नवा सेल टाकला, तारीख लावली, काम झालं. अशा सेलपायी किती मशीन भंगारात गेली असतील!

मात्र हलकी सिस्टीम वेबपानं हलकी करत नाही. २ जीबीत दोन-तीन टॅब चालतात, दहा नाही. व्हिडिओ ४८० पिक्सेलवर ठेवावा लागतो, कारण आजचे व्हिडिओ उलगडण्याची सोय त्या काळच्या ग्राफिक्समध्ये नाही आणि सगळा भार प्रोसेसरवर पडतो.

३२-बिटवाल्या, म्हणजे त्याहून जुन्या प्रोसेसरच्या मशीनचं दार तर खरोखरच बंद होत आलंय. डेबियन या लिनक्सच्या १३व्या आवृत्तीला ३२-बिट इन्स्टॉलर नाही, आणि फायरफॉक्सनेही १४५व्या आवृत्तीपासून ३२-बिट लिनक्स सोडलं. तिथे पंचवीस एमबीहून लहान असलेलं टायनी कोअर हे लिनक्स टाका, लिहिण्या-वाचण्यापुरतं वापरा. बँकेचे व्यवहार त्यावर नकोत.

‘मराठी टाइप होत नाही.’ हे साफ खोटं आहे. कीबोर्डच्या सेटिंगमध्ये मराठी निवडली की इनस्क्रिप्ट ही प्रमाण मांडणी आणि उच्चारानुसार चालणारी कगप, दोन्ही मिळतात. अक्षरांऐवजी चौकोन दिसले तर लोहित किंवा नोटो देवनागरी फॉन्ट टाकायचा. कृतिदेव या युनिकोड नसलेल्या फॉन्टमधल्या जुन्या फायली युनिकोडमध्ये बदलून घ्याव्या लागतात, पण ते काम विंडोजवरही चुकत नाही. टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरवर काम असेल तर मात्र ते मशीन विंडोजवरच राहू द्या.

‘सुरक्षा नसते.’ डेबियन १२ जून २०२३मध्ये आलं आणि त्याची सुरक्षा अपडेट जून २०२८पर्यंत ठरलेली आहेत. अँटीएक्स २३ त्याच्यावरच उभं आहे. विंडोज ७चा सपोर्ट १४ जानेवारी २०२०ला संपला, तरी त्याच्यावर बँकेचे व्यवहार करणारे लोक मला अजून भेटतात. खरी काळजी त्यांची वाटते.

‘वीज खातं.’ पेंटियम ४ या जुन्या डेस्कटॉप प्रोसेसरबद्दल मान्य. त्यातले काही प्रोसेसर पूर्ण भाराखाली एकटेच ११५ वॅटपर्यंत जातात, त्यामुळे रोज आठ तास चालवायला मीही ते ठेवणार नाही. जुन्या लॅपटॉपला हे लागू नाही. तो सगळा मिळून त्याहून कितीतरी कमी वीज घेतो. आणि पेंटियम ४ काढायचाच असेल तर आधी हार्ड डिस्क काढून घ्या आणि मशीन ई-कचरा घेणाऱ्या अधिकृत केंद्रावर द्या, तांब्यासाठी वायरी जाळणाऱ्याकडे नको.