उजव्या हाताला नर्मदा

मे महिन्याच्या अखेरीला सोलापुरात बँकेतून निवृत्त झाले आणि जूनच्या पहिल्या रविवारी घरात जाहीर केलं, की मी नर्मदा परिक्रमेला जाणार. पायी. हे पेपर वाचत होते. "जा की," म्हणाले. मग मी म्हटलं, "एकटी." तेव्हा पेपर खाली आला.

"एकटी? मग माझं कसं?"

पुढच्या पाच महिन्यांच्या तयारीचं सगळं सार या शेवटच्या तीन शब्दांत होतं, पण तेव्हा ते माझ्या डोक्यात शिरलं नाही. मला वाटलं, तयारी म्हणजे बूट.

मी हिशेब मांडला. नर्मदा १३१२ किलोमीटर लांब. ती ओलांडायची नाही, कायम उजव्या हाताला ठेवायची. ओंकारेश्वरला संकल्प करून दक्षिण तटानं समुद्रापर्यंत जायचं, तिथं विमलेश्वरहून होडीत बसून पलीकडं मिठीतलाईला उतरायचं, मग उत्तर तटानं थेट अमरकंटक, उगमाला वळसा आणि परत ओंकारेश्वर. धरणांच्या जलाशयांचे फेरे धरले तर तीन हजार किलोमीटरच्या आसपास. शास्त्रानुसार करायची तर ३ वर्षं, ३ महिने, १३ दिवस. हा आकडा मी मुद्दाम आधी सांगितला. मग "मी आपली पाच महिन्यांत उरकते" म्हटल्यावर घरात एकदम स्वस्ताई झाल्यासारखं वाटलं. इतकी वर्षं बँकेच्या काउंटरवर उगाच काढली नाहीत.

सासूबाईंचं मात्र समाधान होईना. वय ८४, दात चार, पण चारही जाग्यावर. "पंढरपूर हितनं ७२ किलोमीटर," त्यांनी बोटं मोडायला सुरुवात केली. "तुळजापूर ४५. अक्कलकोट चाळीसेक. गाणगापूरला तर एसटी जाती. चहूबाजूंनी देव बसवून दिलेत, आन् तुला मध्य प्रदेशातली नदी कशाला लागती गं?"

मी सांगितलं, की चातुर्मासात परिक्रमा थांबवतात. कार्तिकीनंतर उचलायची आणि आषाढीच्या आत पुरी करायची. यावर त्या बराच वेळ गप्प बसल्या आणि म्हणाल्या, "म्हंजे तुझ्या नर्मदेचं टाइमटेबल पण आमच्या विठोबाकडंच हाय की." आणि परवानगी मिळाली.

सराव होम मैदानावर सुरू केला. उजव्या हाताला नर्मदा ठेवायची सवय लागावी म्हणून मैदानाचा मधला भाग उजवीकडे ठेवून फेऱ्या मारायच्या ठरवल्या. माझं डावं-उजवं लहानपणापासून कच्चं आहे. जेवायचा हात कुठला ते मनात आठवावं लागतं. पण सकाळी फिरायला येणारं अख्खं सोलापूर उलट्या दिशेनं फिरतं, हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. त्यामुळे प्रत्येक फेरीत प्रत्येक ओळखीचा माणूस दोनदा समोरून यायचा. पहिल्यांदा "काय मॅडम, उलट्या?" आणि दुसऱ्यांदा, "हां, ते नर्मदेचं काय म्हणत होता?" आठवड्याभरात मी चालण्यापेक्षा थांबण्याचा सराव जास्त केला. एकटीनं चालायचं ठरवलेल्या बाईला सोलापुरात एकटीनं चालायला जागा नाही, हा पहिला धडा.

बूट घ्यायला नवी पेठेत गेले. संध्याकाळी गेले, कारण दिवसभरात पाय थोडे सुजतात आणि लांब चालताना तर सुजतातच, म्हणून बूट अर्धा नंबर मोठा घ्यायचा असतो. हे मी दुकानदाराला समजावून सांगितलं. त्यानं शांतपणे ऐकलं आणि आतल्या पोराला ओरडला, "काय बे, मॅडमला सुजलेला नंबर दाव!" दुकानातल्या सगळ्यांनी माझ्या पायांकडं पाहिलं. बूट छान निघाले, ती गोष्ट वेगळी.

खरं प्रकरण सॅकचं. पाठीवर आपल्या वजनाच्या दहाव्या भागापेक्षा जास्त घेऊ नये, असं अनुभवी लोक सांगतात. माझं वजन ६८. सिद्धरामेश्वरांनी सोलापुरात जितकी लिंगं स्थापली, नेमकं तितकं. हा योगायोग मी शुभ मानला आणि ६.८ किलोची मर्यादा भिंतीवर लिहून लावली. दोन पांढरे पोशाख, मोजे, औषधं, टॉर्च, नर्मदाजलाची छोटी कुपी, कमंडलू. सगळं मिळून पाच किलो भरलं. मी खूश. आणि मग गल्लीला कळलं.

पहिली आली समोरची अक्का. ती पूर्व भागातली, विणकरांच्या वस्तीतली, माहेरी-सासरी दोन्हीकडं माग. तिनं माझी झोपायची पिशवी दोन बोटांत उचलून पाहिली. वजन ९०० ग्रॅम, घडी करून भोपळ्याएवढी होते. "हे काय, वहिनी? प्लास्टिकमध्ये झोपणार? सोलापूरची बाई, आणि चादर नाही?" दुसऱ्या दिवशी चादर हजर. नक्षीची, जाड, भौगोलिक मानांकनाचा शिक्का असलेली. आमची चादर आयुष्यभर टिकते हे खरं, पण एकदा भिजली की तिचं वजन आणि तिचा स्वभाव दोन्ही सासूसारखे होतात. हे मी सासूबाईंसमोर बोलले नाही. शिवाय अक्कानं टॉवेल दिला. "कापून अर्धा नेते" म्हटल्यावर तिचा चेहरा असा झाला, की मी अख्खा घेतला.

मग कडक भाकरी. तीन घरांतून. कडक भाकरी हलकी, महिना-महिना टिकते, प्रवासाला याहून उत्तम काही नाही. फक्त ती सॅकमध्ये कोंबता येत नाही. कोंबली तर ओंकारेश्वरला पोचेपर्यंत ज्वारीचा भुगा. म्हणून तिच्यासाठी एक स्टीलचा गोल डबा. डब्याचं वजन भाकरीच्या तिप्पट. भाकरी आली म्हटल्यावर शेंगाचटणी आलीच, आणि शेंगाचटणी कोणी पावशेरात देत नाही. मी सांगून पाहिलं, की तिकडं आश्रमांत जेवण मिळतं, सदाव्रताचा शिधा मिळतो, परिक्रमावासीयाला कोणी उपाशी ठेवत नाही. सासूबाई म्हणाल्या, "भरूचकडं डाळीत गूळ घालत्यात. चटणी र्‍हाऊ दे."

त्यांनी स्वतः दिली ती करडईच्या तेलाची बाटली. अर्धा लिटर. नर्मदेकाठी अश्वत्थामा अजून फिरतो आणि कपाळाच्या जखमेवर लावायला तेल मागतो, असं म्हणतात, तेवढं त्यांच्या कानावर आलं होतं. "दिसला तर दे. करडईचंच हाय म्हणून सांग." मी म्हटलं, नाहीच भेटला तर? "तर तुझ्या गुडघ्याला लाव."

रविवारी रद्दीवाला आला तेव्हा त्याच्या काट्याला सॅक टांगून पाहिली. ११ किलो २०० ग्रॅम. त्यानं वर-खाली बघितलं, कप्प्यातून डोकावणारा स्टीलचा डबा पाहिला आणि अदबीनं विचारलं, "ताई, भांड्याचा भाव वेगळा लावू?"

आता माझी सगळी भिस्त शूलपाणीच्या झाडीवर, म्हणजे वाटेतल्या जंगलावर होती. परिक्रमेच्या जुन्या हकिकतींमध्ये तिथं भिल्ल मामा भेटतात आणि अंगावरच्या कपड्यांसकट सगळं काढून घेतात. ते वाचून पूर्वी माझ्या अंगावर काटा यायचा. आता वाचताना डोळ्यांसमोर येई तो स्टीलचा डबा. मामांनी डबा, चादर, तेल एवढं जरी हलकं केलं तरी मी आभार मानून पुढं गेले असते. पण नुकतीच परिक्रमा करून आलेल्या एका बाईंना विचारलं तर त्या हसल्या. "अहो, आता तेच लोक घरी बोलावून चहा देतात, जेवू घालतात." चांगली गोष्ट आहे, अभिमानाची आहे. पण माझ्या साडेचार किलोंचं काय?

आणि इकडं घराची तयारी. मी २०० पानी वह्या दोन आणल्या. एकीत परिक्रमेचं सगळं लिहिलं: मुक्काम, आश्रम, कुठं जंगल, कुठं घाट, विमलेश्वरची होडी भरतीवर सुटते म्हणून किती आधी पोचायचं. त्याची १८ पानं झाली. दुसरी यांच्यासाठी, घराची. तिची ६४ झाली, तरी स्वयंपाकघर संपेना.

कारण आमच्या डब्यांवरच्या चिठ्ठ्या आणि आतला माल यांची फार वर्षांपूर्वी फारकत झालेली आहे. 'रवा' लिहिलंय त्यात पोहे. 'पोहे'मध्ये डाळं. 'चहा'मध्ये सुट्टे पैसे आणि गॅसचं पुस्तक. हे म्हणाले, "चिठ्ठ्या बदलून टाक, सोपं होईल." सोपं त्यांना होईल हो. मी पाच महिन्यांनी परत आल्यावर पोहे कुठं शोधू? मग पाण्याचा अध्याय. नळ किती दिवसांआड येतो, त्याचा फोर्स कधी बरा असतो, मोटार कधी लावायची, वरची टाकी भरली हे आवाजावरून कसं ओळखायचं. एवढी वर्षं रात्री अडीचला मी उठत होते, आणि टाकी आपोआप भरते अशी या गृहस्थांची समजूत होती. त्यांनी दोन्ही वह्यांना नीट खाकी कव्हरं घातली. म्हणाले, "माझा एवढा तरी हातभार."

रंगीत तालीम कोजागरीला. त्या रात्री सोलापूरहून लाखो लोक तुळजापूरला चालत जातात. मी रूपाभवानीचं दर्शन घेऊन संध्याकाळी निघाले, पाठीवर भरलेली सॅक, मनात निर्धार: कुणाशी बोलायचं नाही, एकटीनं चालायची सवय करायची. हिप्परग्याचा तलाव येईपर्यंत तीन चहा, दोन केळी आणि एक ग्लास मसाला दूध पोटात गेलं. रस्त्याच्या दोन्ही कडांना माणसं उभी राहून वाटत होती. नको म्हटलं की त्यांना वाईट वाटायचं. उळे गाव मागं पडलं तेव्हा शेजारी एक म्हातारी चालत होती, कर्नाटकातली, अनवाणी. मला येतं तेवढ्या कन्नडात विचारलं, "सामान एल्ली?" म्हणजे, सामान कुठंय? तिनं कमरेची चंची थोपटली. मग माझ्या सॅकच्या मागं जाऊन तिला एकदा बोटानं ढोसून पाहिलं, पुढं आली आणि काही न बोलता मला तंबाखूची चिमूट देऊ केली. माझ्याकडं पाहून तिला तेवढंच सुचलं असावं.

यांचे फोन नऊ आले. पहिला हिंगाचा. पाचवा, "दूध उतू गेलं तर काय करतात?" करतात काय, पुसतात. तामलवाडीच्या पुढं डाव्या टाचेला फोड आला. डाव्याच. नक्की आठवतं, कारण जेवायच्या हाताच्या बाजूचा तो नव्हता. घाट मी कशी चढले ते आई भवानीलाच ठाऊक. येताना एसटीत जागा मिळाली ती एका मुलाच्या दप्तरावर. घरी पोचले तेव्हा ओट्यावर दूध अजून तसंच होतं.

तरी पुढचे चोवीस दिवस मी नेटानं काढले. नखं सरळ रेषेत कापली, मोज्याच्या आत पातळ मोजा घालायला शिकले, टाचेला व्हॅसलीन. सॅक रोज रात्री रिकामी करून भरायची. चादर काढायची, सकाळी ती परत आत असायची. कोण ठेवतं ते मी शोधलं नाही. शेवटी स्टीलचा डबा माळ्यावर गेला, तेल लहान बाटलीत आलं, चटणी निम्मी झाली, आणि रद्दीवाल्याच्या काट्यावर ८ किलो १०० दिसलं. "आता भाव नाही लागत, ताई," तो म्हणाला. मला फार मोठी शाबासकी वाटली.

कार्तिकीच्या आधी दोन दिवस, रात्रीच्या गाडीनं खंडव्याला निघाले. एकट्या बाईला पोचवायला स्टेशनवर अकरा माणसं. सासूबाई आल्या नव्हत्या, पण त्यांनी फोनवरून सगळ्यांना सूचना दिल्या. अक्का रडली. हे खिडकीशी उभे होते, सारखं घड्याळ बघत. गाडी हलल्यावर म्हणाले, "वही घेतली ना?" मी सॅक थोपटली.

मोहोळ गेलं. आता खरंच एकटी. समोरच्या बाकावरचे दोघं झोपलेले. पहिला मुक्काम पुन्हा वाचावा म्हणून वही काढली, आणि पहिल्याच पानावर माझ्याच अक्षरात लिहिलेलं दिसलं: 'पोहे: "रवा" लिहिलेल्या डब्यात.'

तेवढ्यात फोन वाजला.

"अगं, नळ आला वाटतं," हे म्हणाले. मागं पाण्याचा आवाज येत होता, आणि पानं उलटल्याचा. "पण ह्यात लिहिलंय भरती बघून निघावं, होडीची वाट बघावी. मोटार कधी लावू ते कुठंय?"