जर्मनीचे तीन लाख म्हणजे सोलापूरचे किती?

सोलापुरातल्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर एक मेसेज जोरात फिरतोय: 'जर्मनीत नर्सला महिना तीन लाख, दवाखाना फुकट. सोलापुरात पंचवीस हजार. म्हणजे तिथलं राहणीमान बारा पट.' राज्य सरकारने २०२४ मध्ये जर्मनीच्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी मनुष्यबळाचा करार केला, तेव्हापासून असे हिशेब बरेच दिसतात. त्यावर विसंबून घरोघरची मुलं कर्ज काढतात, म्हणून हा हिशेब तपासायलाच हवा.

तीन लाख हातात पडत नाहीत. पगार ३,००० युरो (मेसेजमधले तीन लाख) ठरला, तर अविवाहित, मूलबाळ नसलेल्या माणसाच्या खात्यात साधारण २,०५० येतात. उरलेले आयकर, पेन्शन आणि निरनिराळ्या विम्यांत जातात. नवख्यांचं सुरुवातीलाच एक चुकतं. घराचा पत्ता दोन आठवड्यांत पालिकेत नोंदवायचा असतो, त्यानंतर करक्रमांक पोस्टाने येतो. तो कंपनीला वेळेत दिला नाही, तर सहाव्या करवर्गाने, म्हणजे सगळ्यात जड, कपात होऊ शकते. जादा कापलेलं परत मिळतं, पण उशिरा. आणि नेमकं तेव्हाच घराचं डिपॉझिट भरायचं असतं, मूळ भाड्याच्या तिप्पटीपर्यंत. कित्येक भाड्याच्या घरांत स्वयंपाकघर म्हणजे नुसत्या भिंती आणि पाण्याची जोडणी. सिंक, शेगडी, कपाटं स्वतः आणून बसवायची.

पण मेसेजची खरी चूक गुणाकारात आहे. १ युरोला १०० रुपये हा बँकेचा दर झाला. भाडं, भाजी, केस कापणं अशा रोजच्या खर्चाच्या किमती जुळवल्या, तर १ युरोत तिथे जे मिळतं ते भारतात ३० रुपयांच्या आसपास मिळतं. त्यामुळे २,०५० युरोतलं तिथलं जगणं हे इथल्या साठेक हजारांतल्या जगण्यासारखं. पंचवीस हजारांच्या अडीच पट, बारा पट नव्हे. शंभराने गुणायचं ते फक्त खर्च भागवून घरी पाठवलेल्या पैशाला.

दवाखाना फुकट नाही. आरोग्य विम्यासाठी पगारातून साडेआठ टक्क्यांच्या वर कपात होते, जवळपास तेवढेच मालक भरतो. इस्पितळात राहिलात तर दिवसाला १० युरो, वर्षात २८ दिवसांपर्यंत. तातडीचं नसेल तर तज्ज्ञ डॉक्टरची वेळ मिळायला आठवडे जातात.

मात्र जर्मनी खरोखर पुढे आहे ते मेसेजमध्ये आलेलंच नाही. आजारी पडलं तर सहा आठवडे पूर्ण पगार, तोही कायद्याने. पाच दिवसांच्या आठवड्याला वर्षात किमान २० भरपगारी रजा. सोलापूरच्या पूर्व भागात पीसरेटवर, म्हणजे नगावर मजुरीने, माग चालवणाऱ्याला ताप आला की दिवस बुडतो, त्याच्यासाठी हा फरक पगाराच्या आकड्याहून मोठा आहे. पाण्याचंही तेच. उजनी धरण भरलेलं असूनही सोलापुरात नळ काही दिवसांआड येतो. टाकी, मोटर, ड्रम आणि पाण्याच्या वेळेला कुणीतरी घरी थांबणं, हा खर्च कुठल्याच तुलनेत धरला जात नाही. तिथे नळ चोवीस तास.

जायचं असेल तर करारावर सही करण्याआधी एक गोष्ट लेखी मागा: इथल्या नर्सिंग पदवीला तिथे मान्यता मिळेपर्यंत पगार किती? तोवर बहुतेकांना मदतनीस म्हणून कमी पगारावर काम करावं लागतं. मान्यतेसाठी सहसा बी-२ पातळीची (मध्यमच्या वरची) जर्मन भाषा लागते, शिवाय पूरक प्रशिक्षण किंवा परीक्षा. ३,००० युरोंचा आकडा त्यानंतरचा.