स्वीडन राहू द्या, लोकमान्यनगरचं बोला

कोरोनाच्या लॉकडाऊनचा विषय निघाला की आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर दोन पार्ट्या पडतात. एक 'लॉकडाऊन नकोच होता' म्हणणारी स्वीडनवाली, दुसरी 'हवाच होता' म्हणणारी न्यूझीलंडवाली. दोघांचेही आकडे खरे, म्हणून तर भांडण मिटत नाही. स्वीडनने कडकडीत बंद पाळला नाही. २०२० मध्ये तिथे शेजारच्या नॉर्वे-फिनलंडपेक्षा दरडोई कितीतरी जास्त माणसं गेली, पण पुढची दोन वर्षंही धरली तर जादा मृत्यूंमध्ये (म्हणजे एरवीपेक्षा जास्त झालेल्या मृत्यूंमध्ये) तो युरोपात तळाशीच सापडतो. न्यूझीलंडने मार्चमध्ये सीमा बंद केल्या आणि जूनमध्ये तिथे एकही रुग्ण उरला नाही. पण चहूकडे समुद्र आणि वस्ती पन्नास लाख! त्याहून जास्त माणसं आपल्या लोकलने रोज जायची.

मला पेरू जास्त आपला वाटतो. मार्च २०२० च्या मध्यालाच लॉकडाऊन, रस्त्यावर लष्कर, तरी दरडोई मृत्यूंत जगात सगळ्यात वरच्या देशांत. बहुतेकांचं पोट रोजच्या कमाईवर, कित्येक घरांत फ्रिज नाही, म्हणजे बाजारात जाणं आलंच. आपल्याकडे वाशीच्या एपीएमसीत, म्हणजे भाजी-धान्याच्या घाऊक बाजारात, हेच झालं. मुंबईला भाजी-धान्य पुरवायचं म्हणून ती चालू ठेवली, रुग्ण वाढत गेले, आणि शेवटी ११ ते १७ मे बंद करावी लागली.

मार्चचा लॉकडाऊन मी चुकीचा म्हणणार नाही. ठाण्यात बाळकुमला हजार खाटांचं रुग्णालय उभं राहिलं ते त्या मिळालेल्या वेळातच. अर्थात नाशिक हायवेने पोरंबाळं घेऊन चालत निघालेले मजूर ज्यांनी पाहिले, त्यांना त्या वेळेची किंमतही माहीत आहे.

माझा राग जुलैवर आहे. देशात अनलॉक चालू असताना ठाण्यात २ जुलैपासून पुन्हा बंद, मागोमाग नवी मुंबईतही, आणि वाढवत वाढवत १९ तारखेपर्यंत. आमच्या टॉवरमध्ये तो आरामात निभावला. भाजी गेटवर, दूध दारात. आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशी ठाण्यातच, लोकमान्यनगरच्या दाट वस्तीत राहतात. दहा बाय दहाची खोली, माणसं सहा, दीर माळ्यावर, आणि सकाळी संडासाला ही रांग. 'घरातच राहा' म्हणजे तिथे नक्की कुठे राहायचं?

त्याच महिन्यात मुंबईच्या तीन वॉर्डांत रक्ततपासणी झाली. झोपडपट्टीत ५७ टक्के लोकांना कोरोना होऊन गेलेला, बाहेर १६ टक्के. शहर एक, नियम एक, पोलीसही तेच. धारावीत साथ आटोक्यात आली त्यात घरोघर तपासणीचा, सार्वजनिक संडास पुन्हा पुन्हा धुण्याचा आणि बाधितांच्या घरच्यांना शाळा-हॉलमध्ये हलवून तिथेच जेवण देण्याचा वाटा मोठा होता. जुलैत ठाण्यात रस्ते अडवायला बांबू बांधण्यापेक्षा हे दुप्पट करायला हवं होतं, असं माझं मत.

आणि हो, त्या दिवसांत आपल्याच ग्रुपवर 'कामवाल्या बायकांना पगार पूर्ण द्यायचा की अर्धा' ही चर्चा रंगली होती. आज लॉकडाऊन यशस्वी झाला म्हणणाऱ्यांपैकी किती जणांनी पूर्ण दिला, तो आकडाही टाका की एकदा ग्रुपवर.