डिस्क ब्रेकचं पनीर

कॉव्हेंट्रीत घर घेतलं तेव्हा बायकोला वाटलं गॅरेज आहे म्हणजे गाडी आत राहील. गाडी आत आहेच, फक्त ती अजून गाडी झालेली नाही. चौकोनी पाइपांची चौकट आहे, लोटस सेव्हनच्या धर्तीची, म्हणजे १९५७ साली आलेली ती दोन माणसांची बुटकी उघडी गाडी, जिच्या नकला इथली माणसं आजही घरच्या गॅरेजात जुळवत बसतात. चेसिस झाली, इंजिन मिळालं, मागचा फोर्ड एस्कॉर्टचा अ‍ॅक्सल पण आला. राहिलं काय, तर पुढची चाकं कशाला अडकवायची तेवढंच. तेवढंच म्हणे!

पुढच्या चाकामागे जो उभा लोखंडी तुकडा असतो ना, तो अपराइट. चाकाला चौकटीशी जोडणारा वरचा त्रिकोणी हात, म्हणजे विशबोन, त्याला, खालचा त्याला, स्टिअरिंगचा दांडा त्याला, चाक ज्यावर फिरतं तो हब त्याला, डिस्कला चिमटीत धरणारा ब्रेकचा कॅलिपर पण त्यालाच. लग्नघरातल्या मामासारखं, सगळी कामं एकाच्याच गळ्यात. आणि एकदा हा ठरला की बाकी काही आपल्या हातात राहत नाही, चाकाचे बोल्ट किती अंतरावर, रिम केवढी, डिस्क कुठली, सगळं तोच ठरवतो.

पहिल्यांदा मन बसलं ट्रायम्फ स्पिटफायरच्या अपराइटवर. नाजूक, हलका, दिसायला देखणा. पण त्याच्या खालच्या टोकाला बॉल जॉइंट, म्हणजे सगळीकडे वळणारा गोळीचा सांधा, नाही, आटे पाडलेला ब्रॉन्झचा ट्रनियन असतो, त्यात ग्रीस नव्हे, गिअरबॉक्सचं घट्ट तेल घालायचं, आणि ते घालायला विसरलात तर एक दिवस तो दांडा आट्यांतच मोडतो आणि चाक गाडीखाली आडवं होतं. मी कुंड्यांना पाणी घालायला विसरतो हो! शिवाय ट्रायम्फच्या चाकाचे चार बोल्ट ९५.२५ मिलिमीटरच्या वर्तुळावर आणि माझ्या मागच्या फोर्डचे १०८ च्या. म्हणजे पुढे एक स्टेपनी, मागे दुसरी. (स्टेपनी म्हटलं की इथे कोणाला काही कळत नाही, गंमत म्हणजे हा शब्द त्यांचाच, वेल्समधल्या लनेथ्ली गावच्या स्टेपनी स्ट्रीटवरून आलेला. त्यांनी टाकून दिला, आपण डिकीत जपून ठेवलाय.)

मग फोर्डचीच सिएरा. भंगारात कॉर्टिनापेक्षा बरी मिळायची, कारण कॉर्टिना १९८२ मध्ये बंद झाली आणि तिच्या जागी सिएराच आली. पण सिएराचा अपराइट स्ट्रटसाठी, म्हणजे वरच्या विशबोनऐवजी उभ्या शॉक अ‍ॅब्सॉर्बरसाठी, केलेला, वरती नुसतं भोक, त्यात लेथवर बनवलेलं मशरूम घालायचं तेव्हा कुठे बॉल जॉइंट बसणार. मशरूम हे खरंच त्याचं नाव आहे, मी बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, मला नको, मला आवडत नाहीत.

शेवटी कॉर्टिना. बोल्ट मागच्याशी जुळतात, दोन्हीकडे बॉल जॉइंट, पण वजन! स्प्रिंगच्या खालचं वजन कमी पाहिजे असं सगळे सांगतात, म्हणून मी तो तेलकट गोळा कणीक मोजायच्या काट्यावर ठेवला. काट्यावर आकडा आलाच नाही, नुसतं एरर आलं, आणि स्वयंपाकघरातून मी बाहेर आलो.

आता डिस्क. साधी घ्यावी की मधे हवा खेळणारी व्हेंटेड? मी आठवडाभर रात्री एक-एक वाजेपर्यंत हेच वाचत होतो, कॅप्री २.८ ची व्हेंटेड घ्यायची, चार पिस्टनचे कॅलिपर घ्यायचे, ऑफिसला नेणारी गाडी नाही तर जणू विमान थांबवायचंय. शेजारचे आजोबा आयुष्यभर गाड्यांच्या कारखान्यात होते, त्यांच्या बोलण्याचा मराठीत सारांश असा की कॉर्टिना हजार किलोच्या घरातली, तुझं हे खेळणं सहाशेचं, तिला जे ब्रेक पुरले ते तुला पुरेनात असं काय आभाळ कोसळलंय, उलट पुढचे एवढे दांडगे केलेस तर मागच्यांना कामच उरणार नाही. गप्प साध्या डिस्क मागवल्या.

पार्सल आलं तेव्हा मी कामावर होतो आणि आई सांगलीहून आलेली. संध्याकाळी घरी आलो तर एकच डिस्क खोक्यात. दुसरी कुठंय?

"ती होय," आई म्हणाली, "पनीरवर ठेवलीय. छान जड आहे. आणि धुतली हो मी आधी, केवढं तेल होतं तिला!"

गंज लागू नये म्हणून कंपनीने लावलेलं तेल आईने लिक्विड सोपने घासून काढलेलं, डिस्कच्या कडेला नारिंगी गंज धरायला लागलेला आणि खाली फडक्यात पनीर मस्त दाबलं गेलेलं. मला काही बोलता येईना कारण ते तेल बसवायच्या आधी काढायचंच असतं.

बसवलं सगळं एकदाचं. मग ब्रेक ब्लीड करायचे, म्हणजे ब्रेकच्या तेलात अडकलेली हवा काढायची, बायको पेडलवर, मी चाकाशी नळी आणि बाटली घेऊन. दाब, धर, सोड. दाब, धर, सोड. दोन तास झाले, तेलाची अख्खी बाटली संपली आणि पेडल तरी स्पंजासारखं. मास्टर सिलिंडर छोटा पडतोय, पिस्टन मोठे आहेत, मी एकेक थिअरी सांगतोय, ती ऐकतेय. मग उतरली, वाकली, बघितलं.

"अरे, बुडबुडे वर जातात ना?"

"हो."

"मग ते हवा काढायचं निपल खाली का आहे?"

डावा कॅलिपर उजवीकडे लावला होता. आणि उजवा, अर्थातच, डावीकडे.

"पनीर गरम करू का?" आतून आईचा आवाज आला. मी म्हटलं थांब जरा, आणि पाना शोधायला लागलो.