हरित कर्ज हवंय? मग हे वाचाच

फुटक्या बादल्या, मोडके क्रेट दळून पुन्हा कामाला लावायचा धंदा करताय? शाबास! तुमच्यासाठी बँकेने हिरवंगार पोस्टर लावलंय. परवा त्याच्याखाली सव्वा तास बसून आलो, म्हणून हे अनुभवाचे बोल.

झेरॉक्सचे तीन संच न्या. पाठपोट काढू नका, चालत नाही.

मशीन नवंच घ्या. मी भोसरीतल्या एका गाळ्यातला जुना ग्राइंडर बघून ठेवला होता. मालक धंदा आवरतोय, मोटर ठणठणीत, पाती नुकतीच बदललेली. साहेब म्हणाले, "सेकंड हँडला कर्ज नाही. नव्याचं कोटेशन आणा." म्हटलं, साहेब, तुमच्या डोक्यामागे लिहिलंय, 'पुन्हा वापरा'. त्यांनी वळून पाहिलं, बहुधा पहिल्यांदाच. "हां, ते सर्क्युलर इकॉनॉमीचं. पण त्याचं सर्क्युलर वरून आलेलं नाही." म्हणजे चालतं मशीन भंगारात घालायचं आणि भंगार दळायला नवं आणायचं! तारण म्हणून गोदामातला माल दाखवला, तर म्हणे तो कचरा. अहो, त्या कचऱ्याला किलोवर भाव आहे, रोख! नाही म्हणजे नाही, फ्लॅटचे कागद आणा. आणि मोटारीच्या कर्जाचे मेसेज मात्र रोज सकाळ-संध्याकाळ. मागितलंय कोणी?

हरित ठेव, म्हणजे जिचा पैसा पर्यावरणाच्या कामांना द्यायचा असतो ती, जरूर ठेवा. पैसे घ्यायला बँक एका पायावर तयार असते. त्या ठेवींसाठी रिझर्व्ह बँकेची चौकट १ जून २०२३ पासून लागू आहे, कचरा व्यवस्थापनही त्यात बसतं. मग तो पैसा आमच्यापर्यंत का येत नाही? "ते हेड ऑफिस बघतं."

शपथा मात्र मोठ्या बँकांकडूनच शिका. २०२१ मध्ये वाजतगाजत 'नेट-झीरो बँकिंग अलायन्स' निघाली, म्हणजे आपल्या कर्जांमागचं कार्बन उत्सर्जन २०५० पर्यंत निव्वळ शून्यावर आणायची शपथ घेतलेल्या बँकांची आघाडी. ट्रम्प निवडून आले आणि महिना-दोन महिन्यांत अमेरिकेतल्या सहा बड्या बँका एकामागोमाग बाहेर. ऑक्टोबर २०२५ मध्ये अलायन्सनेच गाशा गुंडाळला. एचएसबीसी बँकेने ब्रिटनमध्ये बसथांब्यांवरच्या जाहिरातींत झाडं लावण्याची फुशारकी मारली, धूर ओकणाऱ्या उद्योगांना दिलेल्या पैशांबद्दल चकार शब्द नाही. २०२२ मध्ये तिथल्या जाहिरात नियामकाने त्या जाहिराती बंद केल्या. आमच्या शाखेला कोण विचारणार?

बास झाले उपाय. साहेब, कर्ज द्यायचं नसेल तर देऊ नका, पण आमच्या धंद्याचं नाव लावून ठेवी गोळा करू नका. लाज वाटू द्या थोडी. आणि ते पोस्टर फ्लेक्सचं आहे. ते भंगारवालासुद्धा घेत नाही.